शुगर निघाली: पहिल्या तीन महिन्यांत काय शिकायचं

रिपोर्टमध्ये आकड्यापुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलेलं असतं. डॉक्टर दोन गोळ्या लिहून देतात, "गोड बंद, भात बंद, चालायला जा" एवढं सांगतात आणि पुढचा पेशंट आत येतो. संध्याकाळपर्यंत शेजारच्या काकूंना बातमी लागलेली असते. रात्री झोपेपर्यंत कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेल्या मेथ्या आणि "आमच्या साडूंची शुगर महिन्यात गेली" हे सगळं कानावर पडून झालेलं असतं.

बारा वर्षांपूर्वी मी यातून गेलो. माहितीचा तुटवडा मला कधीच नव्हता. आधी काय शिकायचं आणि कशासाठी थांबलं तरी चालतं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. म्हणून हा लेख. टाइप २ मधुमेह नुकताच निघालेल्या मोठ्या माणसांसाठी तो लिहिला आहे. टाइप १ किंवा गरोदरपणातला मधुमेह असेल तर वाट वेगळी आहे, तिथे पहिल्या दिवसापासून तज्ज्ञ हवाच.

आधी रिपोर्ट वाचायला शिका

रक्तातली साखर उपाशीपोटी १२६ (रिपोर्टवर mg/dl) किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त. यातलं काही भरलं की मधुमेह म्हणतात. मात्र त्रास काहीच नसेल तर एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. तुमची खात्री झाली आहे का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

एचबीए१सीला आपल्याकडे 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात, आणि ते बरोबर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्या काळात जितकी साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटते, तिचं हे मोजमाप. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४, ८ टक्के म्हणजे १८३. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी कडक पथ्य पाळून हा आकडा फसत नाही, आणि एका पुरणपोळीने तो बिघडतही नाही. फक्त एक लक्षात ठेवा: अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्त कमी, असेल तर हा आकडा खरा असेलच असं नाही. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, तिथे तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं.

"पण मी तर बारीक आहे!" हे मीही म्हणालो होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपली चरबी अंगावर दिसत नाही, ती पोटाच्या आत लपते. म्हणून वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही कामाचा. कमर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांची ८० च्या आत असावी, असं आपल्याकडच्या लोकांसाठी धरतात.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एसटीच्या कुठल्याही भरलेल्या गाडीत तुमच्यासारखे दोन-चार जण बसलेले असतात, त्यातल्या काहींना अजून माहीत नसतं इतकंच.

मीटर घ्या आणि त्याची भीती घालवा

पहिल्याच आठवड्यात ग्लुकोमीटर घरी आणा. घेताना मीटरची किंमत बघू नका, स्ट्रिपची बघा. मीटर एकदाच घ्यायचा, स्ट्रिपा कायम लागतात. त्या तुमच्या गावातल्या मेडिकलमध्ये नेहमी मिळतात का, हेही आधीच विचारून घ्या.

मोजायची रीत अशी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नुसतं केळं सोललेलं असलं तरी बोटावरच्या साखरेने आकडा फुगतो. स्पिरिट लावलंत तर ते वाळू द्या. सुई बोटाच्या टोकाला मधोमध टोचू नका, बाजूला टोचा. तिथे दुखतं कमी, आणि मोबाइल वापरताना किंवा भाकरी थापताना ती जागा टेकतही नाही. थेंब यावा म्हणून बोट जोरात पिळू नका, हात खाली सोडून हलवा. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा, कचरा वेचणाऱ्या ताईंच्या हाताला त्या लागू नयेत.

पहिल्यांदा मोजताना माझा हात थरथरत होता. सौ. शेजारी उभी होती, तिने डोळे मिटले होते. आकडा आला २१४, आणि दोघंही दहावीचा निकाल लागल्यासारखे गप्प. ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. मीटरवरचा आकडा म्हणजे मार्क नव्हेत. गेल्या दोन-तीन तासांत काय घडलं याचं उत्तर त्यात असतं. शिवाय मीटर लॅबइतका काटेकोर नसतो, १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला आहे. मीटर १४० दाखवतो तेव्हा खरा आकडा १२० ते १६० मध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे लागोपाठ दोनदा मोजून १३२ आणि १४१ आले म्हणून मीटर दुकानदाराच्या अंगावर फेकायला जाऊ नका.

एका वेळी एकच प्रश्न

हा भाग घाई न करता वाचा, कारण माझ्या मते बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

रोज सकाळी उपाशीपोटी मोजून वहीत लिहीत राहिलात तर महिन्याने तुमच्याकडे तीस आकडे असतील, शहाणपण काहीच नसेल. त्यापेक्षा जोडीने मोजा. खाण्याआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी दुसऱ्यांदा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या खाण्याचं तुमच्या शरीराने दिलेलं उत्तर. फरक चाळीस-पन्नासच्या आत असेल तर ते खाणं तुम्हाला बऱ्यापैकी मानवतंय. ऐंशी-शंभर असेल तर त्यात काहीतरी बदलायला हवं.

आता बदल करायचा तोही एकच. समजा सोमवारी दोन वाट्या कांदेपोहे खाल्ले आणि फरक ९५ आला. बुधवारी तेच पोहे एक वाटी घ्या, सोबत वाटीभर मोड आलेली मटकी किंवा दोन उकडलेली अंडी. पुन्हा मोजा. शुक्रवारी पोहे सोमवारइतकेच घ्या, पण खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर चाला. पुन्हा मोजा. तीन दिवस, सहा स्ट्रिपा. एवढ्यात तुम्हाला पोह्यांबद्दल जे कळतं ते कुठल्याच डाएट चार्टमध्ये छापलेलं नसतं. माझ्या बाबतीत चालण्याने जितका फरक पडला तितका पोहे निम्मे करूनही पडला नव्हता. तुमचं उलटंही निघेल.

मला मिळालेल्या छापील तक्त्यात ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल होतं. आमच्या घरात तोवर दोन्ही कधी आलेली नव्हती. तक्ता फ्रिजवर चिकटवला, आणि पंधरा दिवसांनी पाहुणे आले तेव्हा काढून टाकला. वहीतले पोह्याचे तीन दिवस मात्र अजून लक्षात आहेत. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडलं होतं की 'हे मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का बसतो तो स्वतः करून जमलेल्या गोष्टीमुळे. दुसऱ्याचं बघून किंवा कोणी धीर दिल्याने येणारा विश्वास त्याच्या खालचा. पोहे हा तसा फारच क्षुल्लक विषय. पण "मी हे केलं आणि आकडा खाली आला" हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढच्या गोष्टींचं ओझं वाटत नाही.

पहिल्या महिन्यात असे चार प्रश्न पुरेत. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, आणि चौथा तुमच्या जिवाभावाचा पदार्थ. माझा चौथा प्रश्न हापूस होता. जेवणावर अख्खा आंबा खाल्ला तर आकडा आकाशाला भिडायचा. भात वगळून, जेवणानंतर दोन तासांनी अर्धा आंबा खाल्ला तर निभायचं. त्या वर्षी मे महिना सुतकात गेला नाही.

काढे-चूर्णांनाही हीच कसोटी लावा. कारल्याचा रस घ्यायचाच असेल तर घ्या, पण गोळी बंद न करता घ्या, डॉक्टरांच्या कानावर घाला आणि जोडीने मोजून बघा. जो माणूस पूड देताना "गोळ्या सोडा" म्हणतो त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

ताटाबद्दल थोडं

भाकरी चालते का, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. ज्वारी, बाजरी, नाचणी चांगलीच. तंतू जास्त, पोट लवकर भरतं. पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच, त्यांतला पिष्टाचा भाग साखरच होतो. गूळ हा साखरेचा गावाकडचा भाऊ आहे, मीटरला दोघांमधला फरक कळत नाही. मधाचंही तेच.

ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीचा. पाव भाग डाळ, उसळ, मासे, अंडी किंवा चिकन. उरलेल्या पावात भाकरी, पोळी किंवा भात, यांपैकी एक. बटाटा भाजीत धरायचा नाही, तो पोळी-भाताच्या रांगेतला. आणि एक फुकटचा उपाय: आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खा, भात-पोळी शेवटी. तेच अन्न, क्रम बदलला तरी साखर हळू चढते.

उपास हा आपला खास महाराष्ट्राचा प्रश्न. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असं उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात खिचडीबरोबर बटाटा आला की पांढऱ्या भाताचं दुसरं ताट वाढून घेतल्यासारखंच. उपास करायचाच तर दही, ताक, शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, आणि वरी मोजून वाटीभर. निर्जळी उपासाचा मात्र हट्ट नको. त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे आदल्या आठवड्यातच विचारून ठेवा. गोळी रोजची आणि पोट रिकामं, इथेच घात होतो.

तुमची गोळी कोणत्या जातीची?

गोळ्यांची नावं पाठ करायची गरज नाही. तुमच्या गोळीने शुगर लो होऊ शकते का, एवढं एक उत्तर मात्र हवंच.

मेटफॉर्मिन एकटं असेल तर लो होण्याची भीती जवळजवळ नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, जेवणाबरोबर घेतलं की बहुतेकांचं सुरळीत होतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी असाल तर, बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं. पायांच्या मुंग्या कधी कधी ते कमी पडल्यानेही येतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या मात्र जेवण चुकलं तरी आपलं काम करतच राहतात. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत सर्रास मिळतं, म्हणून वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावून वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यामुळे त्या जागेला खाज सुटते, बुरशी येते. लाजून गप्प बसू नका. स्वच्छता राखली आणि वेळेत सांगितलं तर उपाय सोपा असतो.

लो म्हणजे ७० च्या खाली. मला पहिल्यांदा झालं ते एका एसटी स्टँडवर. सकाळची गोळी घेतली होती, नाश्ता गाडीत करू म्हणून ठेवला आणि गाडी दीड तास लेट. दरदरून घाम, हाताला कंप, आणि विनाकारण संताप. तिकीट खिडकीवरच्या माणसाशी मी भांडलो. तो बिचारा म्हणाला, "काका, तुम्ही आधी बसा." चहावाल्याने चार चमचे साखर पेल्यात विरघळून दिली आणि दहा-पंधरा मिनिटांत मी माणसांत आलो.

लक्षणं जाणवली की मीटर जवळ असेल तर मोजा, नसेल तर मोजण्यावाचून अडू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून, किंवा तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर घ्या. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली की पोळी-भाजी किंवा केळं-दूध असं काहीतरी खा. चॉकलेट, बर्फी यांच्यातल्या तुपा-चरबीने साखर उशिरा चढते, त्या वेळी ती नको. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेत असाल तर साधी साखर पटकन लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच जवळ ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन. हा परिच्छेद घरच्यांना वाचून दाखवा. लो झालेल्या माणसाला स्वतःचं डोकं वापरता येत नाही, तेव्हा त्यांचं डोकं उपयोगी पडतं.

इन्सुलिनचं नाव निघालं तर

इन्सुलिन म्हणजे शेवट आला, अशी आपल्याकडे समजूत. १९२२ साली टोरंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, तेव्हा तो मरणाच्या दारात होता. त्यानंतर तो तेरा वर्षं जगला. टाइप २ मध्ये काही जणांना सुरुवातीलाच काही आठवडे इन्सुलिन देतात आणि नंतर गोळ्यांवर आणतात. ते शिक्षा म्हणून दिलेलं नसतं.

शिकायचं मुख्य म्हणजे जोडी जुळवणं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असतं, पेनमधलं १०० युनिटचं. ४० साठीच्या सिरिंजला लाल टोपण, १०० साठीच्या सिरिंजला केशरी. सिरिंज चुकली तर डोस अडीच पट जास्त किंवा अडीच पट कमी जातो. बाटली आणि सिरिंजच्या पाकिटावरचा आकडा एकच आहे ना, हे दर खरेदीला बघा. दुकानदाराने "सारखंच आहे" म्हटलं तरी बघा.

टोचायची सोपी जागा पोट, बेंबीभोवती दोन बोटं सोडून. जागा रोज सरकवा, नाहीतर तिथे गाठी होतात आणि औषध नीट शोषलं जात नाही. पेन असेल तर बटण दाबून दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. चालू असलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं, मात्र नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात नव्हे. फ्रिज नसेल तर कोरड्या डबीत घालून ती माठाच्या गारव्यात ठेवा.

पाय

रोज रात्री अंथरुणावर बसून दोन्ही तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा. चीर, फोड, बोटांच्या बेचक्यातला ओलावा, बदललेला रंग. जखम दुखत नाही म्हणून ती लहान, असं समजू नका. नस बधिर झाली की दुखणंच कळत नाही. गरम पाण्याचा शेक बंद. आंघोळीचं पाणी कोपराने तपासा. दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजलेले आणि ते संध्याकाळी मोजे काढल्यावर कळलेले लोक मी पाहिले आहेत. वारीला जात असाल तर जा, पण पायात काहीतरी घालून जा. विठोबा समजून घेईल. चपला-बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि माप खरं मिळतं.

ताप-उलटीच्या दिवशी

आजारपणात जेवण कमी झालं तरी शुगर वाढू शकते. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. चार-चार तासांनी मोजा, पाणी पीत राहा. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिन आणि लघवीतून साखर काढणारी गोळी थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. पोटात काहीच टिकत नसेल, धाप लागत असेल किंवा गुंगी येत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, दवाखाना गाठा.

डॉक्टरांची दहा मिनिटं

तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी करून डॉक्टरांकडे जाल. बहुतेकांसाठी लक्ष्य ७ च्या खाली असतं. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, किंवा वारंवार लो होत असेल तर ते सैल ठेवतात. तुमचं लक्ष्य किती, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोठी झेप नाही आली म्हणून खट्टू होऊ नका. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात दोन गटांची एचबीए१सी ७.० आणि ७.९ होती. एवढ्याशा फरकाने डोळे आणि मूत्रपिंडासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले.

वही बरोबर न्या, पण अख्खी वाचून दाखवू नका. "सकाळचे आकडे ठीक आहेत, रात्रीच्या जेवणानंतर दोनशेच्या वर जाते" असं एका वाक्यात सांगा. डोस बदलायला डॉक्टरांना हेच हवं असतं. प्रश्न तीनच न्या, कागदावर लिहून. गोळ्या चुकल्या असतील तर तेही सांगा. लपवलंत तर डॉक्टर समजतील की औषध कमी पडतंय आणि डोस वाढवतील. परवडत नसेल तर तसं स्पष्ट म्हणा. जनऔषधी दुकानात नेहमीच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरच्यांची शुगर आणि बीपी मोफत तपासतात. घरातल्या भावंडांना आणि मोठ्या मुलांनाही तिथेच घेऊन जा.

निघण्याआधी वर्षाच्या तपासण्यांच्या तारखा ठरवा. डोळ्याची बाहुली मोठी करून आतल्या पडद्याची तपासणी (दिसायला स्वच्छ दिसत असलं तरी, आणि टाइप २ मध्ये पहिली निदानानंतर लगेच), मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पायाच्या संवेदनेची नायलॉनच्या तंतूने तपासणी, आणि दर भेटीला बीपी. डोळ्यांच्या तपासणीला जाताना सोबत कोणीतरी न्या आणि गॉगल घ्या. औषधाने बाहुली चार-पाच तास मोठीच राहते, उन्हात डोळे दिपतात आणि स्कूटर चालवत घरी येता येत नाही.